शेवटचं बटण आमेनचं

“आधी उजवा, पपा. उजवा!” मी तिसऱ्यांदा सांगितलं, तरी त्यांनी डावाच हात बाहीत घातला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. कपडा घालताना लुळा हात आधी, काढताना धडधाकट हात आधी. एवढंच. अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले, पण पपांच्या गळी हे उतरत नाही. चाळीस वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत लोकांच्या पोरांना नियम शिकवणारा माणूस स्वतः एक नियम पाळेल तर शपथ!

मी बाही काढली, त्यांचा लुळा उजवा हात उचलून आत सरकवला आणि घड्याळ पाहिलं. नऊ वाजून पाच मिनिटं. उपासना साडेनऊला. आणि आजचं बायबलवाचन माझ्याकडे होतं, आयुष्यात पहिल्यांदा. पाळकसाहेब दोन महिने मागे लागले होते आणि मी टाळत होतो, कारण माझ्या रागाची कीर्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी पपाच म्हणाले, “तू वाच.” झटक्यानंतर त्यांच्या तोंडून एका दमात स्पष्ट निघालेले पहिलेच दोन शब्द. मला जन्मात कधी शाबासकी न दिलेल्या माणसाने काहीतरी मागितलं होतं. मग मी हो म्हणालो.

खिशातला फोन वाजला. मी लिफ्ट दुरुस्त करतो, रविवारीही सुटका नाही.

“दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडलीय,” पलीकडचा रखवालदार म्हणाला.

“आत कोणी आहे?”

“नाही, रिकामी आहे. पण लोक ओरडतायत.”

“ओरडू द्या. अकरानंतर येतो,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि बटणांना हात घातला. पपांनी माझा हात बाजूला केला.

“मी,” ते म्हणाले.

हे रोजचंच. बटणं म्हणे मीच लावणार. डाव्या हाताची दोन बोटं, थरथरती. एकेक बटण काजात जायला दोन-दोन मिनिटं. त्यात प्रत्येक बटणाबरोबर ते काहीतरी पुटपुटतात. बोबडं, जड, एक अक्षर लागत नाही. मला वाटायचं, माझ्याच नावाने खडे फोडतायत.

पहिलं झालं. दुसरं झालं. नऊ चौदा. तिसरं काजात जाता जाता निसटलं, तर ते पुन्हा पहिल्यापासून पुटपुटायला लागले.

“पपा, द्या इकडे.”

“थांब.”

“थांब काय थांब! सगळी मंडळी माझ्यासाठी ताटकळत बसणार आहे. द्या!”

मी त्यांचा हात बाजूला केला. केला कसला, झटकला. आणि शर्ट असा ओढला की एक बटण तटकन तुटलं आणि कपाटाखाली गेलं. उरलेली मी अर्ध्या मिनिटात लावून टाकली.  पपा हात मांडीवर ठेवून खिडकीकडे बघत राहिले.

बायको दारात उभी होती. “अहो,” ती हळूच म्हणाली, “लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी किती गोड बोलता. तसं बोला की यांच्याशी कधी.”

तिचं खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

एवढं करून पोचलो, तर पहिलं गीत अजून सुरूच व्हायचं होतं. पपांची चाकांची खुर्ची पुढच्या बाकाच्या टोकाला लावली. माझी पाळी आली तेव्हा मी उठून पुढे गेलो. उतारा तोच, लहानपणापासून पाठ असलेला. देवाच्या माणसांनी रोज अंगावर काय चढवावं, त्याची यादी. दया, ममता, नम्रता, सौम्यता, सहनशीलता.

‘दया’ वाचून समोर पाहिलं तर पपांचा डावा हात वर आला होता. बोट गळ्याजवळच्या बटणावर. ओठ हलत होते. मी पुढचा शब्द वाचला, बोट खालच्या बटणावर गेलं.

मी नऊ वर्षांचा असताना ते मला आरशासमोर उभं करायचे. एक बटण, एक शब्द. दया म्हण आणि लाव. ममता म्हण आणि लाव. पाच बटणं पाच गुणांची, शेवटचं आमेनचं. शब्द चुकला की सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून. मी रडायचो. वैतागून एकदा शर्टच फेकला होता. आणि सात महिने हा माणूस माझ्यासमोर बसून, अर्ध्या तोंडाने, रोज तेच म्हणत होता. मी घड्याळ बघत होतो.

त्यांचं बोट तुटक्या धाग्यावर आलं आणि तिथेच अडलं. बटण कोणत्या शब्दाचं होतं ते मी मोजलं, पण इथे सांगणार नाही. ते चाचपडत राहिले. माझा आवाज बंद झाला.

पाळकसाहेबांना वाटलं, माझी ओळ हरवली. “पुढचं, भाऊ,” ते कुजबुजले. मी कसंबसं वाचून संपवलं.

बाहेर पडताना एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, “काय सुंदर वाचलंस रे! मध्येच कसा भरून येऊन थांबलास!” मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

लिफ्ट चालू करून दुपारी घरी आलो. झाडूच्या दांड्याने कपाटाखालून बटण काढलं. बायको सुई मागत होती, मी दिली नाही. स्वतःच शिवलं, वाकडंतिकडं, दोनदा बोटात टोचून घेत.

“पपा, चुकलं माझं,” मी म्हणालो.

त्यांनी शर्ट जवळ घेतला, बटण ओढून पाहिलं. “गाठ,” ते म्हणाले. म्हणजे गाठ नीट मार. माफ केलं की नाही, कळलं नाही. मी आणखी एक गाठ मारली.

सोमवारी सकाळी त्यांनी पुन्हा डावाच हात आधी घातला. माझं डोकं पुन्हा सणकलं. एका रात्रीत माणूस बदलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या घरी येऊन बघावं. मी बाही काढली, उजवा हात सरकवला आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो.

“मी,” पपा म्हणाले.

“हो. तुम्हीच.”

पहिलं बटण काजात जायला तीन मिनिटं लागली. शब्द मला आता कळत होता. खिशात फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. पपा दुसऱ्या बटणावर होते.