हौसाचं इंजिन आणि शिशाची तार

मी एक जुनं आणि भित्रं डिझेल इंजिन आहे. हसू नका मित्रांनो! सहा सिलेंडरचं माझं धूड उचलायला चेनपुली लागते. एवढा मोठा असून मी भित्रा कसा, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याच्या पोटात दिवसभर स्फोट होत असतात, त्याला भीती माहीत नसेल तर कोणाला असेल?

माझा जन्म इथून फार दूर, एका कारखान्यात झाला. आधी मी ट्रकमध्ये होतो. लांज्याहून काजूची पोती भरून घाट चढायचो. ट्रक मोडीत निघाला तेव्हा दाभोळच्या धाकू तांडेलाने मला आपल्या मच्छीमार बोटीसाठी घेतलं. बोटीचं नाव 'हौसा'. हे त्याच्या आईचं नाव. माझ्यावर हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तो आपल्या मुलाला म्हणाला, "समर्थ, ह्याला नीट बघ हां. आपला जीव आता ह्याच्याकडं हाय."

त्या वाक्याने मला जी भीती बसली ती आजवर गेलेली नाही. ट्रकमध्ये बंद पडलो तर ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत बसायचा. समुद्रात उतरणार कुठे?

तरी मी पुष्कळ वर्षं इमानाने राबलो. बंदरावर लोक म्हणायचे, "इंजिन असावं तर धाकूच्या इंजिनासारखं." मला बरं वाटायचं. पण खारं पाणी कोणाचं भलं करत नाही. माझ्या ब्लॉकचा, म्हणजे धडाचा, वरचा सपाट भाग, ज्यावर हेड म्हणजे माझं झाकण घट्ट बसतं, तो खाऱ्या पाण्याने खड्ड्याखड्ड्यांचा झाला आणि पाणी आत झिरपू लागलं. हंगाम तोंडावर आला होता. धाकूने घाईघाईने मला एका रस्त्याकडेच्या दुकानात नेलं आणि तो भाग घासून सपाट करून घेतला. याला फेस मारणं म्हणतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दोन्ही वेळा घरी आणल्यावर त्याने बोटीचा उरलेला निळा रंग मला वरपासून खालपर्यंत फासला. हंगामाआधी सगळं रंगवायची आमच्याकडे रीतच आहे. बाहेरून मी नवा दिसू लागलो. आतून मात्र मी थोडा खुजा झालो होतो, आणि हे फक्त धाकूला आणि मला ठाऊक होतं.

मग ती दुपार आली. आम्ही परतताना खाडीच्या तोंडाशी थांबलो होतो. जाळी आवरायची म्हणून मला बंद केलं होतं. वारा फिरला आणि बोट वाळूच्या दांड्याकडे ढकलली जाऊ लागली. दांड्यावर लाटा फुटत होत्या. धाकूने चावी फिरवली. मी खोकलो आणि गप्प झालो. त्याने पुन्हा फिरवली. बॅटरी मंद होती, मी जीव खाऊन फिरलो, पण आतली हवा तापेना आणि डिझेल पेट घेईना. समर्थ बांबूने बोट रेटत होता. त्याचा पाय घसरला आणि तो पाण्यात गेला. शेजारच्या बोटीने दोर टाकला म्हणून बाप, लेक आणि मी वाचलो. किनाऱ्यावर धाकू माझ्यावर हात ठेवून लहान मुलासारखा रडला.

त्या दिवसापासून दोघांनाही समुद्राची भीती बसली, पण दोघांची भीती वेगळी होती. धाकूला वाटे, इंजिन चावीसरशी सुरू झालं पाहिजे. समर्थला वाटे, वादळाची सूचना आली की बोट धावत घरी आली पाहिजे, म्हणून इंजिनाला टर्बो हवा. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली तेव्हा त्यांनी मला टेम्पोत घालून मिरजोळ्याला आम्रपालीताईंच्या वर्कशॉपमध्ये आणलं. ताई मुंबईला इंजिनांच्या कंपनीत शिकून आलेल्या. त्यांनी मला नटन्‌नट उघडलं.

मित्रांनो, माझं काम समजायला सोपं आहे. मी हवा आत घेतो आणि पिस्टनने दाबून तिचा सतरावा हिस्सा करतो. दाबलेली हवा तापते, तिच्यावर डिझेल पडलं की भडका उडतो. किती पट दाबायचं, यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. टर्बो हा गोगलगाईच्या आकाराचा पंखा, माझ्याच धुराच्या जोरावर फिरून आणखी हवा आत कोंबणार. जास्त हवा तेवढीच दाबली तर हेड उचकटेल, पिस्टन तडकेल. कमी दाबली तर ती तापणार नाही, आणि मी पुन्हा दांड्यासमोर खोकत बसेन. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधली पायवाट ताईंनी शोधायची होती.

"कॉम्प्रेशन कमी करू नको गो बाय," धाकू काकुळतीने म्हणाला. "सुरू झाला नाय तर मी पोराला काय तोंड दाखवू?"

"आणि नाही केलं तर भर समुद्रात फुटेल, धाकूकाका," ताई म्हणाल्या. "आपण सोळा ठेवू. माथ्यावर खोल वाटी असलेले पिस्टन घालू म्हणजे हवेला जागा वाढेल, टर्बोचा जोर बेताचा ठेवू, आणि हवा गरम करायला हीटर. बॅटरी मात्र नवी घ्या."

"ताई, दोन गॅस्केट एकावर एक घाला ना. आमच्याकडं सगळे तसंच करतात," समर्थ म्हणाला. गॅस्केट म्हणजे ब्लॉक आणि हेडमधला गळती रोखणारा पातळ थर; तो जाड झाला की हेड थोडं वर उचललं जातं.

"म्हणजे गळायला दोन जागा. नाही."

सोळा! आकडा चांगला होता, पण तो पुस्तकातल्या इंजिनाचा होता, माझा नव्हता. माझा फेस दोनदा घासलेला. पिस्टन आता हेडच्या फार जवळ जाणार, आणि सोळा म्हणता म्हणता सतराच्याही पुढे होणार. मी धाकूकडे बघत होतो. सांग रे बाबा, सांग! तो खाली बघून टॉवेलने मान पुसत राहिला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

पिस्टन आले, बसले. धाकूने मला बोटीत उतरवायचा मुहूर्त काढून ठेवला होता. समर्थ घाई करू लागला. "ताई, बसवा की हेड. सगळं नवं तर आहे."

ताईंनी पाना हातात घेतला. मग त्यांनी पाना खाली ठेवला. "शिसं लावल्याशिवाय मी हेड कसत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या मऊ तारेचे तुकडे ठेवले, हेड बसवून कसलं आणि मला हाताने सावकाश एक फेरा फिरवलं. मग हेड काढून तार उचलली. पिस्टन आणि हेडमध्ये जेवढी जागा, तेवढीच तार जाड राहते. ती कागदासारखी चपटी झाली होती.

ताईंचा चेहरा उतरला. "हे असं होणार नाही. काका, याचा फेस मारलाय का कधी?"

समर्थने बापाकडे पाहिलं. "बाबा?"

धाकू मटकन खाली बसला. "दोन वेळा. सांगितलं तर तू मोडीत काढशील, असं वाटलं गो. मग बोट बंद. म्हणून गप ऱ्हायलो."

"पहिल्या फेरीला यावर मीच बसणार होतो, बाबा," समर्थ एवढंच म्हणाला. धाकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्याचा राग आला नाही. घाबरलेलाच घाबरलेल्याला ओळखतो.

ताईंनी मला मोडीत काढलं नाही. त्यांनी पिस्टनचे माथे लेथवर थोडे उतरवले, एकच पण जाड गॅस्केट मागवलं आणि पुन्हा शिसं लावलं. तार हवी तेवढी जाड आली. मुहूर्त टळला.

पहिल्या फेरीला धाकूने समर्थला किनाऱ्यावरच ठेवलं. शेजारची बोट दोर घेऊन सोबत होती. खाडीच्या तोंडाशी, तोच दांडा समोर असताना, त्याने मला मुद्दाम बंद केलं. लाटांचा आवाज तेवढा उरला. चावी फिरली. मी एकदा खोकलो, आणि पेट घेतला. धाकूने शेजारच्या बोटीला 'दोर नको' असा हात केला.

दुसऱ्या दिवशी तो निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. मला वाटलं, पुन्हा सगळं झाकणार. त्याने माझ्या कव्हरवरचा जुना रंग खरवडून तिथे मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: "फेस दोनदा मारला आहे. शिसं लावून बघा."

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. रोज चावी फिरते तेव्हा मला तो दांडा दिसतो. पण तुमच्या घरचं कुठलंही यंत्र दुरुस्तीला न्याल तेव्हा त्याची जुनी दुखणी आधी सांगा. आम्हाला ती सांगता येत नाहीत. आता हंगामाआधी समर्थ मला रंग देतो, तेव्हा त्या अक्षरांभोवतीची जागा सोडून देतो.