पुसून ठेवलेला पंप

“पंपाला हातसुद्धा लावला नाहीस?” मास्तरांनी माझ्या टेबलाकडे बघितलं आणि कागदावर भलंमोठं शून्य काढलं.

हात लावला नाही म्हणे! पंपदुरुस्तीच्या वर्गाची ती प्रवेशपरीक्षा होती. बाकीच्या अकरा पोरांच्या टेबलांवर पंपांची आतडी बाहेर आली होती. माझा मात्र जोडून, पुसून लख्ख, पाने-पक्कड ओळीने जागेवर. बालगृहात सोळा वर्षं काढलेल्या पोरीला दुसरं काही जमतच नाही. वापरलेली वस्तू पुसून जागेवर ठेवली नाही, तर आमच्या बाई सगळ्यांसमोर उभं करायच्या. बिघाड दाखवायला पंप उघडाच ठेवायचा असतो, हे मला काय माहीत?

“सर, दुरुस्त केलाय. आतलं सील फाटलं होतं, बदललं.”

“वेळ संपली, बाळ. शिवणाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या महिन्याअखेर बालगृह सोडायचं होतं. ही जागा मिळाली तर वसतिगृहात खोली, नाहीतर बाईंच्या ओळखीच्या घरी राहून जन्मभर काजं-बटणं. आणि रडून काही मिळत नाही, हे मला दुधाच्या दातांबरोबरच कळलं होतं.

मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, फाटकं सील शोधलं आणि त्यांच्या कागदावर ठेवलं. अगदी शून्यावर. मग पंपात मगभर पाणी ओतून बटण दाबलं.

“अगं, विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात.”

पंप घरघरला, खोकला आणि नळीतून धार सुटली ती थेट मास्तरांच्या बुटांवर. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर बूट झटकायचं विसरून धारेकडे बघत राहिले.

“कोणी शिकवलं? वडिलांनी?”

“कोणी नाही. चाळीस पोरींना आंघोळीला पाणी लागायचं. पंपवाला बोलावला की आठवड्याने उगवायचा.”

त्यांनी शून्य खोडलं आणि बेचाळीस लिहिले. पन्नासपैकी. “उद्या पालकांना घेऊन ये, फॉर्मवर सही लागते.”

“उद्याही पालक म्हणून मीच येणार, सर. अठरा पूर्ण झालीत मला. आत्ताच द्या.”

त्यांनी एकदा वर पाहिलं आणि फॉर्म सरकवला. पालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, सही ठोकली. त्याखाली विचारलं होतं, ‘उमेदवाराशी नाते’. पेन घट्ट धरून लिहिलं, ‘मीच’.