न मागितलेली माफी

सैफुद्दीन मन्याराचा जनाजा उचलण्याआधी त्याच्या धाकट्या भावाने, फय्याजने, एक काम मोठ्या चोखपणे उरकून घेतलं. तशी रीतच आहे. निकाहात कबूल केलेला मेहर नवऱ्याने हयातीत दिला नसेल तर ते त्याच्यावर बायकोचं कर्ज राहतं, म्हणून मयतापाशी तिच्याकडून माफी वदवून घेतात. सैफुद्दीनची बायको सरवरी रडून रडून अर्धी झाली होती. ती नुसती हुंदक्याने हलली, तेवढ्यात फय्याजची सासू ओरडली, "माफ केलं म्हणते!"

घाईचं कारण होतं. सैफुद्दीनचं पोस्टात खातं होतं, त्यात चारशे रुपये. मूलबाळ नव्हतं. बायकोला चौथाई आणि बाकीचं भावाला, असा हिशेब. शिवाय मालेगावच्या बाजारातलं सैफुद्दीनचं भाड्याचं बांगड्यांचं दुकान उठवून तिथे फय्याजला सायकली ठेवायच्या होत्या. इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरातच बसायचे, चार महिने दहा दिवस संपले की सरवरीला माहेरी धाडायचं त्याने परस्पर ठरवलं. माहेरी सावत्र आई. तिच्या दारात परत जाण्यापेक्षा सरवरीला मरण बरं वाटत होतं, पण तिला विचारतो कोण?

चाळिसाव्याच्या जेवणाला जऊळक्याहून एक बैलगाडी आली आणि तीतून हुस्नाबानो उतरली. ही सैफुद्दीनची पहिली बायको. दाळ खारट झाली म्हणून दोन वर्षांमागे त्याने रागाच्या भरात तिला तलाक दिला होता. बाई जिभेची तिखट, पण हात असा हलका की घट्ट बांगडीसुद्धा न दुखता चढायची. बाजाराला येणाऱ्या बायका अजून तिचीच आठवण काढत. सरवरी बांगडी भरायला लागली की निम्म्या फुटत आणि गिऱ्हाइकं कळवळत.

"तुमी कायले आल्या?" फय्याज म्हणाला. "तुमचं आता काय नातं?"

"नातं नाही, उधारी हाय," हुस्नाबानो म्हणाली. "सरवरीचा मेहर माफ करून घेतला तुमी. माह्या मेहराचं मले कोणी विचारलं का?"

पुलाव वाढणाऱ्याचा हात थांबला. फय्याजने मुल्लाजींकडे पाहिलं. मुल्लाजींनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"आधी कफन-दफन, मंग कर्ज, मंग वाटे," ते म्हणाले. "हिचा निकाह म्याच लावला. मेहर पाचशे एक."

वऱ्हाडींसमोर मोठेपणा मिरवायला सैफुद्दीनने तो आकडा चढवला होता. म्हणजे खातं सगळं तिचं, आणि उरलेल्या कर्जात दुकानातला माल. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. फय्याजचा आवाज एकदम मऊ झाला.

"भाभी, माफ करून टाका ना. मरणाऱ्याच्या जिवाले शांती भेटन."

"आता भाभी झाली का मी? जिता असताना त्यानं एकदा म्हटलं असतं तर हासून सोडला असता. आता वसूल करीन."

ती उठून आत गेली. पडद्यामागे सरवरी रडत होती. "आपा, माही चौथाई बी गेली."

"वेडी हायेस. माल माहा झाला, तवा दुकान आता कोण उठवते? तुही इद्दत होईतो मी बसीन. मंग दोघी बसू."

सरवरी तिच्या गळ्यात पडली. पंचांसमोर कागदावर सही करताना फय्याजचा चेहरा पाहण्यासारखा होता.

इद्दत संपली. बाजाराच्या दिवशी प्रयागबाई पाटलीण हात पुढे करून बसली. हुस्नाबानोने दाखवलं तसा सरवरीने आधी अंगठा आत दाबला, बांगडी हळूच फिरवली, आणि ती आख्खी चढली. प्रयागबाई खूश होऊन गेली.

"आपा," सरवरी म्हणाली, "मेहर तर भेटला. आता त्याहिले माफ केलं ना?"

"पैशाचं केलं. दाळीचं नाही."

"खारट नव्हती का?"

"मले काय ठाऊक? त्यानं थाळी फेकली, मले चाखूच कुठी देली? दोन वर्सं झाले, तेच मनात खाते."

सरवरी बांगड्या पुसता पुसता थांबली. "माही दाळ तर रोजच खारट म्हने ते. एकदा मी मीठच नाही टाकलं. तरी खारट!"

हुस्नाबानो तिच्याकडे पाहतच राहिली. मग इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"असं हाय काय," ती म्हणाली. "मंग जाय बाबा, माफ."