राहीने लावलेला कौल

काशीराम गुरवाने देवीच्या पाषाणावर कौलासाठी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"आई, सदूच्या बायकोला मूल होणार असेल तर उजवी दे."

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

सदू खांबाला टेकून उभा होता. बोटीवरच्या नोकरीतून त्याने रोग आणला होता आणि बायकोला, राहीलाही, दिला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासून एड्सचं नाव सांगितलं, तेव्हा मूल राहू नये म्हणून राहीने कुणाला न विचारता तांबी बसवून घेतली. सदूला मात्र मूल हवं होतं. "कौल उजवा आला तर तांबी काढायची," असं त्याने सकाळीच तिला बजावलं होतं. त्याच्या आईला, येसूबाईला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"परत विचार रे," येसूबाई म्हणाली. "देवीला आयकायला येत नाय की तुला सांगायला?"

गुरवाने परत विचारलं. बाहेर माड वाऱ्याने वाकत होते, पण आत धूप सरळ वर जात होता. पाषाणावरचं पाणी सुकलं, पाकळ्यांच्या कडा काळ्या पडल्या, तरी त्या सुटेनात. गुरव दोन पावलं मागे सरला.

"हा प्रश्न तुमचा नाय, येसूबाई. ज्याचा हाय त्यानं विचारावा."

राही पुढे झाली. हात जोडले नाहीत.

"आमच्या दोघांच्या रक्तात रोग आहे. मूल झालं तर त्याला लागेल की नाही, ते डॉक्टरालाही सांगता येत नाही. मी तांबी बसवलीय, ती काढणार नाही. तुला रुचत नसेल तर डावी दे."

दोन्ही पाकळ्या एकदम सुटल्या. धूप विझला. गाभाऱ्यातून कुणीतरी श्वास सोडावा तशी गार झुळूक आली.

"काशीराम, ह्याचा अर्थ काय?" येसूबाईने विचारलं.

"माझ्या बापाच्या वेळेपासून असं कधी झालं नाय. मी अर्थ लावायचा नाय."

सगळे सदूकडे बघू लागले. डावी पाकळी आधी पडली, एवढं तो म्हणाला असता तर येसूबाईने मानलं असतं. त्याने राहीकडे पाहिलं. तिचा चेहरा घामाने भिजला होता, पण ती हलली नव्हती.

"आये, ती म्हणते तसंच होईल," सदू म्हणाला. "रोग मी आणला. मूल मागायचा हक्क मला नाय."

येसूबाई मटकन खाली बसली. राहीने तिला उठवायला हात पुढे केला. तो धरावा की नाही, हे येसूबाईला ठरवता येत नव्हतं.