सारंगचाचांच्या टेबलावरचं स्टेशन

सगुणा बुरडीण मला आवडत नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला साधुसंत समजायला नको. तिच्या हाताला कसब आहे, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर एवढा जळलोच नसतो.

मुरुडात आमचं सुतारकाम तीन पिढ्यांचं. दारं, पाळणे, गणपतीची मखरं, मशिदीतला लाकडी जिना, सगळ्याला आमच्या घराचा रंधा लागलेला. पण कुठे नाव आहे का? नाही. घर मालकाचं, मखर गणपतीचं आणि जिना अल्लाचा. सुताराला दुपारचं जेवण आणि वर ‘दार जरा घासतं हां’ एवढं मिळतं.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर अब्दुल्ला सारंगांचा निरोप आला. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. तीस वर्षं दर्यावर काढून ते घरी परत आले होते. गावात सगळे त्यांना सारंगचाचा म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी जपानच्या एका लहान बंदरात त्यांच्या पायावर लोखंडी साखळी पडली आणि चार महिने ते तिथल्या इस्पितळात पडून राहिले. खाटेवरून एक बारकं स्टेशन दिसायचं. दिवसातून सहा गाड्या. त्या सहा गाड्यांनीच आपल्याला जगवलं, असं चाचा सांगत.

येताना त्यांनी एक पेटी आणली होती. त्यात इंजिन, चार डबे आणि रूळ. ते सगळं मोटारीच्या बॅटरीवर चालायचं. मुरुडला आगगाडी कुठली? आम्हाला एसटी आणि शिडाचे पडाव. अर्ध्या गावानं पहिली आगगाडी पाहिली ती चाचांच्या माडीवर.

टेबल मीच केलं, नऊ फूट बाय पाच. ते झाल्यावर चाचांनी माझ्यापुढे आठ पोस्टकार्डं मांडली.

“गाडी आहे, चांगदेव. गाव नाही. मला हे गाव पाहिजे.”

घरं, देऊळ, देवळापुढची लाल कमान, चहाचं दुकान. सगळ्यात शेवटी स्टेशन.

“स्टेशन सगळ्यात नीट झालं पाहिजे,” चाचा म्हणाले. “आणि ऐक. तिकडे घर उभं राहिलं की सुतार आढ्यावर आपलं नाव लिहितो. आपणही लिहायचं. ज्यानं केलं त्याचं नाव.”

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. आढ्यावर नाव. चांगदेव सुतार, मुक्काम मुरुड.

महिन्याभरात मी पाच घरं केली. अस्सल सागाची. भिंतींना खुंट्या, कोपऱ्यांना सांधे, दारांना बिजागऱ्या. लहान पोरानं वर उभं राहावं आणि मोडू नयेत अशी. चाचांनी एक घर हातात घेतलं, खालीवर केलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“मजबूत आहे.”

“शंभर वर्षं बघायला नको.”

“हो. पण चांगदेव, यात माणूस श्वास कसा घेईल? हे कपाट झालं रे. तिकडची भिंत म्हणजे कागद. दार उघडत नाही, सरकतं. आणि छप्पर बघ, कोपऱ्यात कसं वर उचललंय.”

तेवढ्यात सगुणा वर आली. बुरूडवाड्यातली विधवा बाई, चाळिशीची, खालच्या स्वयंपाकघरात सूप आणि रोवळी द्यायला आलेली. टेबल बघायला म्हणून जिना चढली होती. चाचांनी तिच्या हातातलं सूप घेतलं, पालथं केलं आणि माझ्या घराच्या डोक्यावर धरलं.

“हे,” ते म्हणाले. “हे छप्पर.”

मला हसू आलं. सगुणा हसली नाही. तिनं खाली बसून पोस्टकार्ड बघितलं, मग दुसरं बघितलं, आणि म्हणाली, “एक करून बघू का? न्हाय जमलं तर सूप तरी सरळ हाय.”

आठ दिवसांनी तिनं घर आणलं. बांबूच्या बोटाएवढ्या कामट्यांचा सांगाडा, पतंगाच्या कागदाला खोबरेल लावून केलेल्या भिंती, आणि काडीकाडीनं विणलेलं छप्पर. कोपरे असे वर वळलेले, जणू आता उडेल. दार बोटानं सरकत होतं. चाचांनी आत टॉर्चचा दिवा ठेवला. कागदातून पिवळा उजेड पडला. म्हातारा तिथंच खुर्चीवर बसला आणि चष्मा पुसू लागला.

मी माझ्या सागाच्या घराकडे बघितलं. खरंच कपाट दिसत होतं. हेच मला सहन झालं नाही. तिचं चांगलं आहे हे मी सोसलं असतं. माझं वाईट आहे हे तिच्यामुळे दिसलं.

मग मी बघायला गेलो, ही बाई करते तरी कसं. ती पडवीत बसून बांबू सोलत होती. कामटीचं एक टोक दातात, एक हातात, मध्ये सुरी.

“या दादा. शिकाया आलाव का?”

“सुतार बुरडाकडे शिकायला येतो होय?”

“न्हाय येत,” ती दातातली कामटी न सोडता म्हणाली. “म्हणून तर कपाटं होतात.”

चाचांनी तिला सांगितलं होतं तर. की तिनं जिन्यावरून ऐकलं होतं? कसंही असो, तो शब्द आता गावात गेला. पिठाच्या गिरणीत मला एकानं विचारलं, “काय चांगदेव, जपानात कपाटं धाडतोस म्हणे?” घरी आलो तर माझी बायको गोदू हात पुसत सांगते, “मी पण बघून आले हो सगुणाची घरं. आत कोणीतरी भात लावलाय असं वाटतं.”

“मग जा, तिथंच जेव.”

“अहो, मी घरांचं बोलतेय.”

“मी पण घराचंच बोलतोय.”

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मी कर्जतहून आणलेलं पातळ लाकूड काढलं आणि पाचही घरं नव्यानं करायला घेतली. पत्र्यासारख्या पातळ फळ्या तासल्या. एवढ्या पातळ फळीत खुंटी बसत नाही, सांधा धरत नाही. म्हणून सरस उकळला आणि सगळं चिकटवलं. आमच्या बाबांनी ते बघितलं असतं तर हातातला वाकस फेकून मारला असता. पण घरं दिसायला हलकी झाली. जवळजवळ तिच्यासारखी.

चाचांनी ती बघितली, तिची बघितली, आणि दोन्ही टेबलावर मांडली. माझी भिंतीकडच्या बाजूला, तिची खिडकीकडे.

“स्टेशन?” मी विचारलं.

“स्टेशन पावसाळ्यानंतर. समुद्रकाठचा पाऊस कोणाच्या कामाला काय करतो बघू. ज्याचं काम उभं राहील, त्याचं स्टेशन. त्याचं नाव.”

हे सगुणासमोरच ठरलं. ती फक्त एवढंच म्हणाली, “अजून दोन घरं आन् देऊळ बाकी हाय. बांबू संपला माझा.”

“चांगदेव लाकडाला डोंगराकडे जातोच आहे,” चाचा म्हणाले. “तो आणील.”

आणि तिथं मी ते केलं.

बांबू कधी तोडायचा हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा आणि मग महिनाभर खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. चांदण्यात तोडलेला बांबू बुडवल्याशिवाय वापरला तर भुंगा लागतो. बाहेरून शाबूत दिसतो, आतून पीठ होऊन खाली पडतं. मी गेलो तेव्हा होळीला दोन दिवस होते. गावोगाव होळीसाठी बांबू तोडणं चाललं होतं, भर चांदण्याच्या पंधरवड्यात. त्यातल्याच दोन मोळ्या मी घेतल्या, खाडी टाळून थेट गाडीनं आणल्या आणि तिच्या पडवीत टाकल्या.

“काळोखातला हाय ना?” तिनं विचारलं.

“मग काय, होळीचा आणीन?”

तिनं एक बांबू उचलला, टिचकी मारली, बाजूला ठेवला.

शिमगा संपला. तिनं देऊळ केलं आणि दोन घरं केली. आषाढात माडीवर टेबलावर चादर घातली गेली. आणि मी दर शुक्रवारी जायला लागलो. माडीचं कौल गळतं का बघतो, टेबलाच्या पायांना तेल लावतो, अशी निमित्तं काढून. चाचा खूश. “तुझा जीव आहे या टेबलावर,” असं म्हणायचे आणि चहा मागवायचे.

माझा जीव कशावर होता ते मला माहीत होतं. चाचा खाली गेले की मी चादरीचं खिडकीकडचं टोक उचलायचो आणि तिच्या देवळाखाली बोट फिरवायचो. पांढरं पीठ बघायला. पहिल्या शुक्रवारी काही नाही. दुसऱ्या शुक्रवारी काही नाही. श्रावण गेला, बोट कोरडं. देवळाच्या खांबाला कान लावला. भुंगा कुरतडत असला तर ऐकू येतो म्हणतात. मला नुसता पाऊस ऐकू यायचा. एकदा बोटाला पांढरं लागलं. जिभेला लावून बघितलं. चुना होता, भिंतीचा पडलेला.

चौदा शुक्रवार मी एकच टोक उचललं. दुसरं एकदाही नाही. माझ्या घरांना काय होणार, ती तर माझी होती.

कोजागिरीला चाचांनी चादर काढली. माडीत चाचा, त्यांची सून, मी, सगुणा. खिडकीकडचं गाव जसंच्या तसं. कागद थोडा पिवळा पडलेला, उलट जास्त शोभत होता. आणि भिंतीकडे माझी पाच घरं. सरस पावसानं नरम होऊन खाली ओघळला होता. भिंती चारी दिशांना पडलेल्या, छपरं घसरून रुळांवर. एकावर हिरवी बुरशी. इंजिनापुढे एक छप्पर असं पडलं होतं की जणू त्यालाच धडक बसली.

चाचांनी ते छप्पर उचलून बाजूला ठेवलं. “दमट हवा,” ते म्हणाले. मला सांभाळून घेत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

स्टेशन सगुणाचं झालं.

चार दिवसांनी ती माझ्या अंगणात आली. मी एका दाराची चौकट ठोकत होतो. दोन गिऱ्हाईकं बसली होती. तिला त्यांची पर्वा नव्हती.

“दादा, तुमचा बांबू.”

“काय झालं त्याला?”

“पडवळाच्या मांडवाला लावला हुता. भुंग्यानं श्रावणातच खाल्ला. पडवळं जमिनीवर आली.”

मी हातोडा खाली ठेवला. “घरांना नाही वापरलास?”

“कामटी दातात धरल्याबरुबर कळलं. गोड लागली. चांदण्यातला बांबू गोड असतो, म्हणून तर भुंग्याला आवडतो. तुमी सुतार लोक लाकूड तोंडात घालत न्हाय, तुमाला काय ठाव.” तिनं पदर खोचला. “घरांना माझ्या मामानं रोह्याहून दिला त्यो वापरला.”

म्हणजे चौदा शुक्रवार मी तिच्या मामाच्या बांबूखाली बोट फिरवत होतो.

“चाचांना सांगितलंस?”

“सांगून काय, माझी पडवळं उभी र्‍हानार हायत?”

गिऱ्हाईकांतला एक खोकला. मला वाटलं आता ती जाईल. ती गेली नाही.

“फलाट पायजे,” ती म्हणाली. “स्टेशनचा. बांबूचा करून बघितला, गाडी आली की हालतो. जड पायजे. सागाचा. आन् त्यो सरस बिरस नको.”

“मी का करू?”

“नका करू. श्रीवर्धनच्या सुताराला सांगते.”

हे तिनं मुद्दाम म्हटलं, हे मला कळलं. तरी श्रीवर्धनचा सुतार माझ्या गावातल्या टेबलावर हात लावणार, हे मला त्या क्षणी तिच्या स्टेशनपेक्षा जास्त झोंबलं. मी म्हटलं, “माप आण.”

मी माप तिच्याकडून घेतलं नाही. माडीवर जाऊन डबा हातात घेतला, दाराची पायरी रुळापासून किती उंच ते बघितलं. इंचाचे आठ सूत, त्यातले तीन आणि वर थोडं. ते थोडं किती हे ठरवायला मला दोन दिवस लागले. सागाचा एकच तुकडा, सांधा नाही, खुंटी नाही, चिकटवणं नाही. कड रंध्यानं काढली, मग काचेनं खरवडली, मग गुळगुळीत झाली तरी परत खरवडली. तिचं स्टेशन त्यावर बसवताना मी तोंड फिरवलं. बघितलं तेव्हा बघवलं नाही. छपराच्या कोपऱ्यात सुपाची वीण, खाली कागदाची तिकीटखिडकी, आणि आढ्यावर चाचांनी काळ्या शाईत लिहिलेलं नाव: सगुणा.

आडनाव नाही, गाव नाही. नुसतं सगुणा. त्या बाईला वाचताही येत नव्हतं. तिनं एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, “हे मी का?”

ईदच्या दुसऱ्या दिवशी माडी माणसांनी भरली. कोळीवाड्यातून आले, बाजारातून आले, कचेरीतला कारकून बायकोला घेऊन आला. चाचांनी तार जोडली. गाडी बोगद्यातून निघाली, भाताच्या शेताला वळसा घालून आली आणि स्टेशनात थांबली. सगळे वाकले. “छप्पर बघा.” “कागद बघा, आत दिवा.” “हे सगुणानं केलं? आपल्या बुरडाच्या सगुणानं?” कारकुनाच्या बायकोनं तर तिला दोन परड्या तिथंच सांगितल्या. माझ्याकडे बघून एकानं विचारलं, “आणि टेबल तुझं ना?”

“टेबल माझं,” मी म्हणालो.

गोदू माझ्या शेजारी उभी होती. तिनं हळूच माझ्या कोपराला हात लावला. मी हात बाजूला घेतला.

गर्दी चहाला खाली गेली. सगुणा मागे राहिली. मीही राहिलो, तार काढायला. ती टेबलाशी उकिडवी बसली, डोळा फलाटाच्या कडेला लावला, आणि डबा आणि फलाट यांच्यामधल्या फटीत करंगळीचं नख घालून बघितलं. नख गेलं नाही. तिनं दुसऱ्या डब्याशी बघितलं, तिसऱ्याशी बघितलं. चौथ्याशीही बघितलं.

“केस जाईल,” ती म्हणाली. “जास्त न्हाय.”

आणि उठून खाली गेली, परड्यांचं माप विचारायला.

एवढ्या लोकांत फलाट बघितला तो तिनं एकटीनं. दुसऱ्या कोणीही बघितला असता तर मला आनंद झाला असता. मी तार गुंडाळली, बॅटरी खांद्यावर घेतली आणि मागच्या जिन्यानं उतरलो.