चार हात लांब

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि सौदीच्या रास तनुरातले गोरे साहेब आठवड्याभरात पांगले. मी एका कंत्राटदार कंपनीचा स्टोअरकीपर. रिकाम्या झालेल्या बंगल्यांचं पाणी आणि एसी बंद करून किल्ल्या स्टोअरमध्ये टांगायचं काम माझ्याकडे आलं. एका डच इंजिनियरच्या बंगल्यामागे, कपडे वाळत घालायच्या बंदिस्त अंगणात, मला कुत्रा सापडला. भांडं कोरडं, जीभ बाहेर. घरातल्या सोफ्यावर मात्र धूळ बसू नये म्हणून चादर पांघरलेली होती. मी नळाचा पाइप लांबून धरला. कुत्रा बराच वेळ प्यायला, मग शेपटी हलवत सरळ माझ्या अंगावर आला आणि मी उडी मारून धुण्याच्या कट्ट्यावर चढलो.

भीतीने चढलो नाही. आम्ही श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. आमच्यात कुत्र्याची जीभ किंवा ओलं अंग लागलं की ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक खेप माती लावून. त्याशिवाय नमाज होत नाही. त्या अंगणात मातीच नव्हती, सगळं सिमेंट. म्हणून कट्टा.

त्याला तिथेच ठेवून किल्ली टांगता आली असती. तसं केलं नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःवरच चिडलो होतो. झाडूच्या दांड्याला दोरी बांधून, दांडा मध्ये ठेवून मी त्याला वर्कशॉपमागच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरी आणलं.

मासूमाने दारातूनच पाहिलं. आमची दोन्ही मुलं शाळेसाठी गावी, माझ्या सासूकडे. घरात आम्ही दोघंच.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

"साहेबाचा. दोन आठवड्यांत येतील परत."

"आणि नाय आले तर?"

"तर कोणीतरी नेईल. तोवर अंगणात राहील. घरात नाही."

नाव ठेवायचं नाही, असं तिनेच ठरवलं. नाव ठेवलं की तो आपला झाला. ती त्याला पाहुणा म्हणायची. "पाहुण्याला जेवण दिलंत का?" असं विचारायची. पाहुणा भात आणि माशाची डोकी खायला शिकला. साहेबाने त्याला आयुष्यभर डब्यातलं खायला घातलं असणार, पण माशाच्या डोक्यावर तो असा तुटून पडायचा की शंका यायची, याचा जन्म श्रीवर्धनच्या बंदरावरच झाला असेल.

अडचण एकच होती. तो फार प्रेमळ होता. माणूस दिसला की धावायचा, पाय चाटायचा. पहिल्या आठवड्यात मी पाचदा हात धुतले, म्हणजे पस्तीस वेळा. मातीवरून मासूमाने वेगळाच वाद घातला. ही वाळू आहे, माती नाही, वाळूने कसं चालेल, असं तिचं म्हणणं. शेवटी हुफूफला माल आणायला गेलो तेव्हा एका खजुराच्या बागेतून मी दूधपावडरचा मोठा डबा भरून काळी माती आणली. हा डबा मोरीत राहायचा.

डबा संपू नये म्हणून मी पाहुण्याला शिकवायला घेतलं. झाडूचा दांडा आडवा धरायचा आणि म्हणायचं, "लांब." तो थांबला की भात. जवळ आला तर ताट उचलून घरात. महिन्याभरात दांड्याची गरज उरली नाही. मी अंगणात गेलो की तो धावत यायचा, बरोबर चार हातांवर थांबायचा, बसायचा आणि शेपटीने वाळू झाडायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. संध्याकाळी मी पायरीवर चहा घेत बसायचो, तो चार हातांवर. काहीबाही बोलायचो त्याच्याशी. मुलांची पत्रं आली की तीही मोठ्याने वाचायचो. मासूमा म्हणायची, "माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलता." ते खरं होतं.

साहेब आले नाहीत. जानेवारीत लढाई सुरू झाली. खिडक्यांना टेप लागल्या, गॅसचे मास्क वाटले गेले, भोंगे व्हायला लागले. आणि मग कॅम्पात नोटीस लागली की सोडून दिलेली जनावरं फार झाली आहेत, मालक नसलेली कुत्री मारण्यात येतील. कॅम्पाचा मुकादम यासीन, सुदानचा. तो स्वतः सांगायला आला.

"कादिर, आमच्या मालिकी मजहबात कुत्रा पाक आहे," तो हिंदीत म्हणाला. "मला त्याचा त्रास नाही. पण नोटीस आहे. तुझ्या इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर, तुझी बायको आहे, कुत्रा नाही. पुढच्या गुरुवारी गाडी येणार. त्याआधी मालक आण, नाहीतर खलास."

मालक मी का झालो नाही, हे कोणीही विचारेल. कंपनीच्या खोल्यांत कुत्रा पाळायला परवानगी नव्हती. बंगलेवाल्यांना होती.

बंगलेवाल्यांत एक मराठी कुटुंब होतं. जगदीश पाटणकर रिफायनरीत इंजिनियर, बायको वासंती, नऊ वर्षांची मुलगी विभा. भोंगे सुरू झाल्यापासून विभा जेवत नव्हती, एकटी खोलीत जात नव्हती. जगदीशसाहेब स्टोअरमध्ये टेप न्यायला आले तेव्हा हे बोलले. मी म्हटलं, एक कुत्रा आहे, फार मायाळू. इतका मायाळू कुत्रा मी पाहिला नाही.

शुक्रवारी सकाळी तिघं आली. पाहुणा धावत सुटला. विभाने दोन्ही हात पुढे केले. तो चार हातांवर थांबला आणि बसला.

"कम हिअर," विभा म्हणाली. तो शेपटी हलवत राहिला. ती एक पाऊल पुढे गेली, तो एक पाऊल मागे सरकला आणि पुन्हा बसला. मग माझ्याकडे पाहिलं. बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखं.

"ही डझन्ट लाइक मी," विभा म्हणाली आणि आईच्या मागे गेली.

"कादिरभाई, हा माणसाळलेला वाटत नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "आधीच ही घाबरलेली आहे. उगाच चावलं-बिवलं तर?"

मला सांगता आलं असतं. पण 'मीच त्याला हात लावू दिला नाही' हे त्या मुलीसमोर तोंडातून निघेना. मी म्हटलं, "बुधवारी एकदा या. फक्त एकदा." जगदीशसाहेब बरं म्हणाले, पण ते उठून जायच्या घाईतलं बरं होतं.

पाटणकरांची गाडी गेल्यावर मासूमा म्हणाली, "त्याचा काय दोष नाय. तुम्हीच शिकवलंत."

"माहीत आहे."

"मग आता उलटं शिकवा."

त्याच दुपारी मी हाडूक घेऊन अंगणात उतरलो. मी पुढे, तो मागे. मी दोन पावलं, तोही दोन पावलं. भिंतीपर्यंत हा खेळ चालला. भिंतीला टेकल्यावर मागे जागा उरली नाही तेव्हा तो घाबरला. आपल्याकडून नियम मोडणार म्हणून घाबरला, हे मला स्पष्ट दिसत होतं. पाच महिने मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती ही. मला स्वतःची लाज वाटली.

मी वाळूत बसलो. हाडूक खाली ठेवलं आणि हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. डोकं उन्हाने तापलं होतं, कानामागे केस मऊ होते. तो अजिबात हलला नाही. मग एकदम त्याने माझं मनगट चाटलं आणि लगेच मान खाली घातली, ओरडा बसणार म्हणून. मी म्हटलं, "ये. जवळ ये." हा शब्द त्याने माझ्याकडून ऐकलाच नव्हता.

अर्ध्या तासाने मी मोरीपाशी गेलो. मासूमा तांब्याने पाणी घालत होती आणि मोजत होती. एक मातीची, सहा पाण्याच्या. शनिवारी कोपरापर्यंत धुतलं. रविवारी गळ्यापर्यंत, कारण पाहुण्याला आता समजलं होतं आणि तो पाच महिन्यांची थकबाकी वसूल करत होता. असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजाला रोज उशीर व्हायचा. कपडे वेगळे भिजायचे. सोमवारी डब्यातली माती संपली. मी डबा उपडा करून दाखवला. वाळू चालत नाही असं महिनोन् महिने सांगणारी माझी बायको अंगणात गेली, तिने पदरात वाळू घेतली आणि निमूट माझ्या हातांवर घातली.

बुधवारी दुपारी पाटणकर आले. विभा गाडीतून उतरली आणि दाराशीच उभी राहिली. पाहुणा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "ये म्हण त्याला. कम हिअर नको. ये म्हण."

"ये," ती हळूच म्हणाली.

तो गेला तो थेट तिच्या अंगावर. तिचं तोंड, कान, चष्मा सगळं चाटून काढलं. ती हसायला लागली आणि वासंतीबाई तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. जगदीशसाहेबांनी विचारलं, "खातो काय हा?"

"भात आणि माशाची डोकी."

"आमच्याकडे मासे नसतात हो. दूध-पोळी चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. चालणार नव्हती. पण त्यांचं ते आपसात बघून घेतील.

"कायमचाच नेतोय," ते म्हणाले. "पुण्याला परतलो तरी बरोबर नेऊ. काळजी करू नका."

पाहुण्याला मागच्या सीटवर बसवलं. विभा दुसऱ्या बाजूने चढत होती तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की मी बाहेरच आहे. तो उघड्या दारातून उडी मारून निघाला आणि माझ्याकडे धावला. कान मागे, तोंड उघडं, पाच दिवसांत शिकला होता तसा. त्याची दोरी वाळूत फरफटत होती.

अंगाला लागला असता तर मी त्याला सोडलं नसतं. गुरुवारची गाडी, यासीन, नोटीस, काही आठवलं नसतं. हे मला नक्की माहीत होतं, म्हणून मी हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, "लांब."

तो थांबला. बरोबर चार हातांवर. बसला आणि शेपटीने वाळू झाडू लागला. भाताची वाट पाहत. जगदीशसाहेबांनी मागून येऊन दोरी उचलली आणि त्याला नेलं. गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यावरून वळली तेव्हा मागच्या काचेत विभाचं डोकं दिसलं, त्याचं दिसलं नाही.

मी मोरीपाशी आलो. मासूमा पाण्याचा तांब्या आणि वाळू घेऊन तयार होती.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

"आज लागला नाही," मी म्हटलं.

तिने वाळू खाली टाकली. मग तिने तांब्यातलं पाणी अंगणात, तो बसायचा त्या जागेवर ओतलं आणि आत जाऊन चहा टाकला.