मावशीचा कबुलीजबाब

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती एका कोऱ्या पानामुळे.

धाकट्या भावाच्या हेरकथा गेली कित्येक वर्षं तीच टाइप करत आली होती, आणि त्यातल्या कोऱ्या जागा तिच्या सवयीच्या होत्या. पाठलाग, गोळीबार, विमानतळ हे सगळं धाकटा झोकात लिहायचा, पण मावशी आली की त्याचं घोडं पेंड खायचं. मावशी म्हणजे हेरखात्यातली म्हातारी कारकून. हेरांना खोटे पासपोर्ट द्यायची आणि वर बोलणीही. प्रत्येक पुस्तकात ती चार-दोन पानांपुरती यायची, पण वाचक आधी तीच पानं शोधायचे. तिच्या बोलण्याची वेळ आली की धाकटा दोन ओळी मोकळ्या सोडून पुढे पळायचा आणि थोरली त्या भरायची. नायक जिवावरच्या संकटातून रक्तबंबाळ होऊन परतला, तर मावशी विचारायची, "कोट कुठे टाकून आलास? सरकारनं काय तुझ्यासाठी कापडाची गिरणी काढलीय?" असलं काही धाकट्याला सात जन्मांत सुचलं नसतं.

या वेळी मात्र अख्खं पान कोरं होतं. वर एवढंच लिहिलेलं: मावशी पकडली जाते. पहिल्या पुस्तकापासून आपण शत्रूला फितूर होतो, अशी कबुली देते.

थोरलीने ते पुन्हा वाचलं. इतक्या मायेने घडवलेली बाई धाकट्याने परस्पर केसाने गळा कापणारी ठरवून टाकली होती. आणि तो गुन्हा तिच्या तोंडून वदवून घ्यायचं काम कुणाकडे, तर थोरलीकडेच. निर्लज्जपणालाही काही सीमा असते.

जाब विचारला तर धाकटा हसला. कल्पना प्रकाशकांची आहे म्हणाला. खप घसरलाय, वाचकांना धक्का हवाय.

"कागदावरची बाई ती, ताई. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

थोरलीने ते पान भरायला साफ नकार दिला. मग त्याने फुरंगटून स्वतःच कसंबसं भरलं. तो ते द्यायला निघाला तेव्हा, मीच बोलते प्रकाशकांशी, म्हणून तीही बरोबर निघाली.

प्रकाशकाच्या खोलीत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. त्यांच्यामधल्या दोन खुर्च्यांवर बहीण-भाऊ अंग चोरून बसले. प्रकाशकाने पान वाचलं आणि चहात माशी सापडल्यासारखं तोंड केलं. ही मावशी नव्हेच, म्हणाला. हा तर नायकच तिचा चष्मा लावून बोलतोय. या वेळी असं कसं झालं?

थोरली भावाकडे बघत राहिली. आता तरी सांगेल, अशी तिची वेडी आशा. धाकट्याने नजर टेबलावरून हलवली नाही.

"टाइप ताई करते नेहमी," तो म्हणाला. "या वेळी तिला कंटाळा आला, त्या गडबडीत जरा राहून गेलं. उद्या नीट करून देतो."

"कंटाळा?" थोरली म्हणाली. "मला तुझा कंटाळा आलाय. गोळी कुठल्या खांद्याला लागली ते दोन पानांत विसरतोस, आणि मला फितूर म्हणतोस? त्या तुझ्या शूर गड्याला दर खेपेला मरणाच्या दारातून कुणी ओढून आणलं? त्याला धुतला-पुसला, चारचौघांत बसण्याजोगा केला. अरे, मला तुम्हाला विकायचंच असतं ना, तर पहिल्याच खेपेला विकलं असतं. तेव्हा तुम्हा सगळ्यांना भाव तरी बरा आला असता. आणि आता..."

"हेच," प्रकाशक खुर्चीतून पुढे सरकत म्हणाला. "हेच हवंय मला. ही खरी मावशी."

धाकट्याने तोवर पेन काढलं होतं. 'भाव तरी बरा आला असता' हे शब्द तो ओठ हलवत भराभर उतरवून घेत होता. आपल्याला कुणी काही बोललं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आणि आता?" मान वर न करता त्याने विचारलं. "पुढे काय, ताई?"

पुढचं सगळं थोरलीच्या जिभेवर तयार होतं. एकेक शब्द असा की त्याची सालपटं निघाली असती. तिने तो घास तसाच गिळला.

"पुढे काही नाही," ती म्हणाली. "उलटी टांगलीस तरी ती बोलणार नाही."

आणि पिशवी उचलून ती जिना उतरली.